गळाचा डबा: काही टिपणं

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नवखा माणूस शिरला की त्याच्यापुढे तीन मजली पेटी येते. झाकण उचललं की एकेक मजला वर येतो आणि प्रत्येक मजल्यावर दहाबारा खण. ती घेऊ नये. रिकामा खण माणसाला स्वस्थ बसू देत नाही. तो भरायचा म्हणून नको ते सामान घरात येतं. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-वॉशर ठेवायला सपाट, पारदर्शक, चापाचा डबा मिळतो. पहिल्या वर्षाला तेवढा पुरतो. घरातला जुना मिसळणाचा डबा वापरणारे लोकही पाहिले आहेत. त्याच्या वाट्या सुट्या असतात, त्यामुळे डबा काठावर उलटला की सगळे गळ एकमेकांत अडकून एकच गोळा होतो आणि तो सोडवण्यात सकाळ जाते.

*

डबा भरायच्या आधी बसायचं कुठे ते ठरवावं. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला बसणार असाल तर निम्मा डबा चिलापीचा. गावतळं असेल आणि त्यात बीज सोडलेलं असेल तर रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस. नदीचा डोह असेल तर शिंगाळा, वाम, मरळ. प्रत्येक पाण्याचं सामान वेगळं लागतं. ‘सगळ्याला चालेल असं द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ओळखतात, आणि त्याचं बिलही तसंच करतात.

*

माशाच्या तोंडाकडे बघायची सवय मासळी बाजारातच लावून घ्यावी. घेणार नसलात तरी भोयांच्या टोपलीपुढे दोन मिनिटं थांबावं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं आणि खालचा जबडा पुढे आलेला; तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, त्याचं जेवण तळाशी. रोहूचे ओठ जाड, कडेला झालर असलेले, आणि तो मधल्या पाण्यात चरतो. मत्स्यशेतीवाले हे तिघे एकाच तळ्यात सोडतात ते एवढ्यासाठीच, की कोणी कोणाच्या पानातलं ओढत नाही.

गळवाल्याला यातून कळायचं ते असं की एकाच काठीने, एकाच गळाने, फक्त तरंगा दोरीवर वरखाली सरकवून तीन वेगवेगळ्या माशांकडे जाता येतं. नवखे लोक मात्र तरंगा एकदा बसवला की दिवसभर हलवत नाहीत आणि संध्याकाळी पाण्यात मासाच उरला नाही असं सांगत घरी येतात.

सायप्रिनसच्या तोंडाच्या कोपऱ्यांना मिश्या असतात. तो तळाचा चिखल तोंडात घेतो, खायचं ते ठेवतो, बाकीचं थुंकतो. तुमची कणीकही अशीच तपासून परत बाहेर येते. तरंगा नुसता थरथरतो, बुडत नाही. तेवढ्यावर झटका मारू नये. तो आडवा चालू लागेपर्यंत दम धरावा.

*

गळांचे आकडे उलटे चालतात, हे कोणी आधी सांगत नाही. १२ नंबरचा गळ ८ नंबरपेक्षा लहान, ८ नंबरचा ४ नंबरपेक्षा लहान. असं उतरत १ वर आलं की पुढे १/०, २/०, ३/० सुरू होतात आणि ते मात्र आकड्याबरोबर मोठे होत जातात. चिलापीला ८ किंवा १०. रोहू-सायप्रिनसला ४ ते ६. मरळीला बेडकाचं आमिष लावायचं तर १/० किंवा २/०. ओढ्यातल्या बोटभर माशांवर मुलांना हात बसवायचा असेल तर १२-१४. प्रत्येकी एकेक छोटं पाकीट घ्यावं. शंभराचा डबा घेऊ नये, दमट हवेत गंज आधी लागतो आणि मासा नंतर.

मुस्टाड या नॉर्वेतल्या कंपनीचं नाव आपल्याकडच्या जुन्या गळवाल्यांच्या तोंडी बसलेलं आहे. कंपनी १८३२ सालची. तिच्या नावाची नक्कल पाकिटंही दिसतात. ओळखायला सोपी खूण म्हणजे टोक: नखावरून हळूच ओढलं तर धारदार गळ लगेच रुततो, बोथट असेल तर घसरतो. घसरला तर दुकानातच परत करावा.

*

रोहूच्या मापाचा गळ चिलापीपुढे टाकला तर ती त्याच्यावरची कणीक कडेकडेने खाऊन जाते. तिचं तोंड लहान असतं. तासभर नुसती कणीक जात असेल तर गळ दोन नंबरांनी लहान करावा; आमिष बदलायची वेळ नंतर येते.

(चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. आता उजनीकाठच्या खानावळींच्या पाट्यांवर तिचंच नाव पहिलं असतं.)

*

तंगूस. कोकणात नायलॉनच्या दोरीला हा शब्द चालतो. घाटावरची दुकानं नुसतं लाइन म्हणतात. पहिल्या वर्षी ०.३० मिलिमीटरच्या आसपासची साधी एकपदरी नायलॉनची घ्यावी. विणलेली लाइन पातळ आणि फार मजबूत असते, पण तिला ताण अजिबात नसतो आणि नवख्याच्या हातात तिच्या गाठी सुटत नाहीत. नायलॉन थोडं ताणलं जातं, त्यामुळे घाईचा झटका माफ होतो.

दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेली रिळं घेऊ नयेत. ऊन नायलॉनला आतून ठिसूळ करतं. वरून ते नव्यासारखंच दिसतं. वीतभर दोरी काढून, रुमालात गुंडाळून ओढून पाहिली तर दुकानदार रागावत नाही. रागावला तर ते दुकान सोडावं.

गाठीबद्दल एकच सांगायचं. दोरी गळाच्या नेढ्यातून घालून, स्वतःभोवती पाच वेढे देऊन, टोक मागे आणून ओवायचं, हे कोणीही दाखवील. घट्ट ओढण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची, हे मात्र दाखवणाराही विसरतो. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. मोठा मासा गेला की लोक दोरीला शिव्या देतात. परत आलेलं टोक बघावं: कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटलेली असते.

*

शिशाचे छर्रे दाताने दाबून दोरीवर बसवायची पद्धत सर्रास आहे. बंद करावी. शिसं विषारी आहे, आणि त्याच हाताने आपण काठावर शेंगदाणे खातो. बारीक पक्कड याच कामासाठी डब्यात असते.

पक्ष्यांचंही आहे. हंस-बदकांसारखे पक्षी अन्न दळायला खडे गिळतात आणि तळातले छर्रेही खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये हंस असे शिशाने मरू लागले म्हणून १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे तसा नियम काठावर कोणी सांगत नाही. तळाला गळ सोडायचा असेल तर शिशाच्या गोळीऐवजी लोखंडी नट बांधला तरी काम भागतं, दगडांत अडकून गेला तर हळहळही वाटत नाही. तरंग्याखालच्या बारीक वजनाला कथलाचे छर्रे मिळाले तर ते घ्यावेत.

*

तरंगा पाण्यावर जेवढा जास्त दिसतो तेवढा तो वाईट बसवलेला असतो. त्याचं फक्त टोक वर राहील इतकं वजन खाली हवं. मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला तरंग्याचा विरोध जाणवता कामा नये. लाल-पांढरे गोल चेंडू चित्रात शोभतात; चिलापीला ते बुडवायला जोर लागतो आणि ती आमिष सोडून देते. बारीक, उभा, लांबट तरंगा घ्यावा. मोराच्या पिसाचा दांडा त्यासाठी पूर्वीपासून वापरतात, आणि त्याच्याइतकं हलकं काही अजून कारखान्यात निघालेलं नाही असं माझं मत आहे.

खोली मोजायची रीत: गळाला जड वजन अडकवून तरंग्यासकट टाकायचं. तरंगा आडवा पडला तर पाणी कमी, बुडून गेला तर जास्त. सरकवत सरकवत टोक जेमतेम वर दिसेल तिथे तळ. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता चारा टाकून बसणं म्हणजे पत्ता न विचारता पाहुण्याला जाणं.

*

डब्यात न मावणारी पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू: कणीक.

घरात पोळ्यांना मळतात त्याहून घट्ट हवी. पाणी थोडं थोडं. त्यात शेंगदाण्याची पेंड, असेल तर तांदळाचा कोंडा, चिमूटभर हिंग किंवा ठेचलेला लसूण. प्रत्येक जुन्या गळवाल्याची पाककृती गुप्त असते आणि पाचपैकी चार गुपितांत हिंग असतो. कणीक गळावरून सुटत असेल तर थोडा कापूस पिंजून मळावा. तंतू तिला धरून ठेवतात. गोळा हरभऱ्याएवढा, गळाचं टोक किंचित बाहेर. लाडवाएवढा गोळा लावणारे लोक माशाला जेवायला घालायला आलेले असतात.

गांडुळं (कोकणात काडू) ओलसर मातीत, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवावीत. झाकण लावून गाडीच्या डिकीत ठेवली तर दुपारपर्यंत सगळी मेलेली असतात आणि गाडी आठवडाभर वास मारते.

*

कणकेच्या गोळ्यांचा हा नाद नवा समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात संस्कृतात ‘मानसोल्लास’ लिहिला. राजाने मन कसं रमवावं याच्या यादीत त्याने ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण घातलं आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा, गळ आणि दोरी, सगळं तिथे आहे. महाराष्ट्रातल्या बायका ओव्या म्हणतात याची नोंदही याच ग्रंथात येते, त्यामुळे मराठी अभ्यासकांना तो वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला. राजाच्या पदरी गळ लावून द्यायला माणसं असणार, हा फरक सोडला तर आठशे-नऊशे वर्षांत काठावरचं काम फारसं बदललेलं नाही.

*

लूर, म्हणजे खोटी आमिषं. दुकानातली सगळ्यात रंगीत भिंत यांची असते आणि नवख्याचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. रोहू, मृगळ, चिलापी पकडायला यातलं जवळजवळ काही लागत नाही. मरळीसाठी रबरी बेडूक एक घ्यावा. पाणवनस्पतींवरून ओढताना न अडकणारा, गळ पाठीशी चिकटून असलेला. शिवाय एक छोटा फिरत्या पात्याचा स्पिनर. पुरे.

रबरी किडे-बेडूक कडक प्लास्टिकच्या डब्यात सुटे टाकू नयेत. त्यातलं मऊ ठेवणारं रसायन डब्याचं प्लास्टिक खातं आणि महिन्याभराने दोन्ही चिकटून बसतात. त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवावेत.

मरळीची पिल्लं लालसर असतात आणि थव्याने वर येतात. पाण्यावर तांबूस डाग हलताना दिसतो. नर-मादी खाली राखण करत असतात. त्या थव्यावर बेडूक टाकला तर मरळ हटकून लागते, कारण ती भुकेसाठी येत नाही, पिल्लं वाचवायला येते. तो मासा मारला की थवा दिवसभरात इतरांच्या पोटात जातो. असा मासा दाखवून फोटो काढणाऱ्यांच्या शेजारी मी बसत नाही.

*

पक्कड, नेलकटर, चिमटा. नेलकटरने तंगूस जवळून आणि साफ कापली जाते. दाताने कापू नये, दात कायमचे असतात. चिमटा सर्जिकल सामानाच्या दुकानातला, लांब नाकाचा, कुलूप लागणारा घ्यावा. गळ खोल गिळला असेल तर त्याशिवाय निघत नाही. तरीही निघत नसेल आणि मासा सोडायचा असेल तर दोरी तोंडाशी कापावी. ओढून आतडी बाहेर काढू नयेत.

गळाच्या टोकामागे उलटा दात असतो. तो पकडीने दाबून सपाट केला तर मासा सोडायला सोपा जातो आणि बोटात घुसलेला गळही सहज निघतो. मुलांच्या गळांचा तो दाबलेलाच असावा. न दाबलेला गळ दातापर्यंत रुतला तर उलटा ओढू नये; दोरी कापून डॉक्टर गाठावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे दातेरी काटे असतात. जाड फडकं डब्यावर गुंडाळून न्यावं ते त्याच्यासाठी. बाकी सोडायच्या माशांना मात्र कोरडं फडकं लावू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हात ओले करून धरावं.

तळाला गळ सोडून बसणाऱ्यांनी काठीच्या शेंड्याला लावायचं घुंगरू ठेवावं. अंधारात डोळ्यांना आराम मिळतो.

बुटांच्या खोक्यातल्या ‘खाऊ नका’ लिहिलेल्या पांढऱ्या पुड्या फेकू नयेत. डब्यात टाकल्या की गंज उशिरा येतो.

*

महाशीरसाठी नवख्याने डब्यात काही ठेवू नये. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स याने १८३९ साली केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. त्या मुळा-मुठेची आजची अवस्था पुणेकरांना सांगायला नको. हा मासा टिकला तो काही डोहांत, जिथे लोकांनी देवाच्या नावाने राखला. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड त्यातला एक; तिथे कोणी गळ टाकत नाही. लोणावळ्यात वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने त्याची कृत्रिम पैदास करून पिल्लं देशभर पाठवली. चुकून गळाला लागलाच तर पाण्यातच सोडावा, वजन करायच्या भानगडीत पडू नये.

उलट आफ्रिकन मांगूर लागला तर परत सोडू नये. त्याच्या पैदाशीवर २००० साली बंदी आली, तरी तो नद्यांत पोचलेला आहे आणि समोर येईल ते खातो.

*

पहिला पाऊस पडला की ओढ्यांना मासे चढतात. चढणीचे मासे, कुठे वलगणीचे म्हणतात. त्या दिवसांत गावं टोपल्या-जाळी घेऊन रात्री बाहेर पडतात आणि त्या कालवणाची आठवण काढून मुंबई-पुण्यातली माणसं हळवी होतात. ते मासे अंडी घालायला निघालेले असतात. पोटं गाभोळीने भरलेली. ज्यांच्या घरात त्या मोसमात दुसरं काही शिजत नाही त्यांना उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण मोटारीतून गळाचा डबा घेऊन येणाऱ्या माणसाने जून ते ऑगस्ट डबा फडताळात ठेवावा. तेवढ्या दिवसांत गळांना तेल लावून घ्यावं.

*

धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यातलं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. काठावर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारावं; अनेक ठिकाणी थोडी रक्कम घेऊन गळाला हरकत घेत नाहीत, काही ठिकाणी साफ नाही म्हणतात. दोन्ही त्यांचा हक्क. मुंबईत पवईला गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तिथे सभासदत्वाचे नियम आहेत. परवानगीची पावती डब्याच्या झाकणात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. पोहताना नव्हे, पावती शोधताना माणसं पाण्यात पडतात.

पवईत मगरी आहेत. सांगलीकडे कृष्णेतही आहेत. पाण्यात पाय सोडून बसायची हौस तिथे नको, आणि माशांची आतडी काठावर साफ करून टाकू नयेत.

*

तुटलेली तंगूस. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, बगळे-करकोचे तर बारमाही. दोरीचा हातभर तुकडा पायांत गुंतला की पक्षी उडतो, पण चोचीने ती सुटत नाही, आवळत जाते. डब्यात एक रिकामी काडेपेटी ठेवावी आणि प्रत्येक तुकडा तिच्यात. दुसऱ्यांचे पडलेलेही उचलावेत; त्यात पुष्कळदा चांगला गळ फुकट मिळतो.

*

तेव्हा दुकानात गेल्यावर एवढंच मागा: चार मापांचे गळ, ०.३० ची नायलॉन लाइन, दोन बारीक तरंगे, छर्र्यांची एक डबी, लांब नाकाचा चिमटा, एक रबरी बेडूक. पक्कड आणि नेलकटर घरात असतात. काठीला रीळ नसेल तरी चालेल, चिव्याची साधी काठी पहिल्या वर्षाला पुरते. उरलेल्या पैशांची शेंगदाण्याची पेंड घ्या. आणि दुकानदार रंगीत भिंतीकडे वळला की बाहेर पडा.